शिवलेले खिसे

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते विमानांच्या हँगरमधल्या कँटीनमध्ये बसून सुईत दोरा ओवत होते. समोर कंपनीने दिलेला नवा कोरा निळा ओव्हरऑल पसरलेला. छातीवर दोन खिसे, कमरेला दोन, मागे दोन आणि मांडीवर एक लांबट. साठीला टेकलेला, सडपातळ, तेल लावून केस चापून बसवलेला तो गृहस्थ एकेक खिसा तोंडाशी शिवून बंद करत होता. टाके बारीक आणि सरळ. माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून त्यांनी मराठीत विचारलं, "कुठले?"

"सांगलीचा."

"सुई चालवता येते?"

"बटण लावण्यापुरती."

"पुरे आहे. तुमचा ओव्हरऑल आणा."

मला वाटलं थट्टा करतायत. शेजारच्या टेबलावरचा स्कॉटिश मेकॅनिक चहाचा घोट घेत म्हणाला, "पॉकेट्सने तुला धरलं वाटतं. आम्ही सगळे यातून गेलोय. खिसे मात्र कुणीच शिवले नाहीत."

त्यांना तिथे सगळे पॉकेट्सच म्हणत. मी काका म्हणायचो. ही ग्लासगोजवळची गोष्ट आहे, नवं शतक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची. प्रवासी विमानांच्या देखभालीचं आमचं काम. एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने ते तपासून सही करायची, असा तिथला नियम. ती दुसरी सही बहुतेक वेळा काकांची असायची, म्हणून लोक त्यांना टाळायचे. आपण घट्ट केलेला नट ते पुन्हा सैल करायला लावत आणि आपल्या डोळ्यांदेखत घट्ट करून घेत. "ओके" हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. काम संपलं की विचारायचे, "मोजलं का?" हत्यारं मोजली का, चिंध्या मोजल्या का, काढलेले स्क्रू मोजले का. ग्लासगोच्या गणपतीला आरती झाल्यावर ते प्रसादाचे चमचे मोजत बसलेले मी पाहिले आहेत. एक कमी भरला तेव्हा हॉलच्या दारात उभे राहून लोकांना थांबवलं होतं. चमचा एका लहान मुलीच्या मोज्यात सापडला.

काकू इथल्या हॉस्पिटलात सर्जन. त्यांच्या नोकरीमुळे काका मुंबईची नोकरी सोडून इकडे आले. "डॉक्टरीणबाईंच्या सामानातून आलो," असं म्हणायचे. काकू सांगायच्या, "पोट शिवण्याआधी आमच्याकडे नर्स बोळे मोजते. आत गेले तितके बाहेर आल्याशिवाय मी टाका घालत नाही. यांनी ते माझ्याकडून उचललं आणि त्याचं वेड केलं." घरची पँट, लग्नाकार्याचा सूट, झोपायचा पायजमा, सगळ्यांचे खिसे शिवलेले. त्यामुळे काकांचा रुमाल, बसचा पास, चष्म्याचं घर आणि घराची किल्ली काकूंच्या पर्समध्ये. "लोक म्हणतात, काय प्रेम आहे, सारखे बायकोबरोबर असतात. प्रेम कसलं," काकू म्हणायच्या, "किल्ली आहे माझ्याकडे."

यावर काका मान हलवून म्हणायचे, "दोन्ही आहे. लिहून ठेवत नाही एवढंच."

हे सगळं लिहायला सोपं आहे. यापुढचं मी बरीच वर्षं कुणापुढे नीट बोललेलो नाही.

विमानात खिडकीशी बसलं की इंजिनाचं जे मोठं गोल तोंड दिसतं, त्याला आम्ही इनटेक म्हणतो. त्यात माणूस ओणवा होऊन सहज शिरतो. समोर पंख्याची पाती असतात, त्यामागे इंजिनाचा गाभा. तिथे काही पडलं तर इंजिन ते आत ओढून घेतं. एखादा स्क्रूही पुरतो. म्हणून इनटेकमध्ये शिरण्याआधी प्रत्येकाने खिसे रिकामे करायचे. काकांनी त्यासाठी शॉर्टब्रेड बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता, झाकणावर शिंगवालं हरीण. डबा पुढे धरून ते विचारायचे, "पॉकेट्स?" आपण त्यात किल्ल्या, पेन, नाणी टाकायची. मग ते तेवढ्यावर न थांबता स्वतःच्या हाताने प्रत्येक खिसा चाचपायचे आणि कागदावर आपल्या नावापुढे बरोबरची खूण करायचे. लोक कुरकुरत. "पॉकेट्स, अंगाला हात लावायचा तर निदान आधी जेवायला तरी ने," असं एकजण रोज म्हणायचा आणि काका रोज तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, "शुक्रवारी बघू."

माझ्या छातीच्या खिशात एक डबी असायची. अंगठ्याएवढी, पत्र्याची, दोन तोंडांची. एकीकडे तंबाखू, दुसरीकडे चुना. सांगलीहून येणाऱ्या माणसाकडून मी तंबाखू मागवायचो. हँगरमध्ये सिगारेटला बंदी, पण ओठात ठेवलेली चिमूट कुणाला दिसते? मुलगी झाली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवून बायकोसमोर शपथ घेतली होती की तंबाखू सोडली. त्यामुळे ती डबी घरात लपवायची, गाडीत लपवायची आणि कामावरही लपवायची. इनटेकमध्ये शिरण्याआधी मी ती गुपचूप बुटात सरकवायचो. काका पायापर्यंत जात नसत.

एका सकाळी ती बुटात घालायला वेळच मिळाला नाही. काका डबा घेऊन समोर आले आणि त्यांचा हात माझ्या छातीकडे आला. मी तो झटकला. आजूबाजूला पाच-सहाजण होते. मी मराठीत, शांत आवाजात बोललो, म्हणजे बाकीच्यांना वाटावं की हवापाण्याचं चाललंय.

"काका, मी चोर आहे का? का बोलायला आपला माणूस मिळाला म्हणून माझीच झडती? घरी गेल्यावर काकूंचीपण घेता का?"

त्यांनी हात मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं. "खिसे रिकामे आहेत?" त्यांनी विचारलं.

"रिकामे आहेत."

"बरं," ते म्हणाले आणि खूण केली.

त्या दिवसापासून त्यांनी मला हात लावला नाही. पण इतरांना ते कळू दिलं नाही. माझी पाळी आली की हात खिशाच्या बोटभर वरून फिरवायचे. लांबून बघणाऱ्याला रोजच्यासारखंच वाटावं. मला ते बरं वाटलं होतं. आपण जिंकलो, असं वाटलं होतं. मी डबी बुटात सरकवणंही सोडून दिलं.

तीनेक आठवड्यांनी एका विमानाच्या पंख्याची काही पाती काढून त्यांची मुळं तपासायचं काम माझ्याकडे आलं. इनटेकमध्ये रबराची चटई टाकून मी पालथा पडलो होतो. कानांवर आवाज रोखणारे कप. पलीकडे कुणीतरी रिव्हेट मारत होतं. काढलेल्या पात्यांच्या जागी गाभ्याकडे जाणारी फट उघडी होती. काम झालं, पाती बसवली. काका आत आले, बॅटरी आणि आरसा घेऊन त्यांनी कोपरान्‌कोपरा पाहिला, सही केली. जमिनीवर इंजिन चालवून पाहिलं तेही नीट चाललं. संध्याकाळी घरी जाताना गाडीत हात खिशात गेला, तर डबी नाही. मला वाटलं, कँटीनमध्ये राहिली. खरं सांगायचं तर मला वाटलं नाही. मी ते ठरवलं. गाडी वळवून परत जावं, असं एकदा मनात आलं होतं. पण परत जाऊन काय विचारणार, कुणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते विमान स्पेनला जाणाऱ्या सुट्टीच्या प्रवाशांना घेऊन निघालं. आपण सही केलेलं विमान उडताना बघायचं, ही काकांची सवय. हातात चहाचा कप घेऊन ते कुंपणाशी उभे राहायचे, आणि विमान ढगात दिसेनासं होईपर्यंत घोट घेत नसत. त्या दिवशी मीही त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. का, ते मला तेव्हाही कळत होतं.

विमानाने जमीन सोडली. चाकं आत जात असतानाच एक आवाज झाला, मोठ्या दारावर कुणी हातोडा मारावा तसा. मग पुन्हा. उजव्या इंजिनाच्या मागून केशरी ज्वाळेची जीभ बाहेर आली, गेली, पुन्हा आली. विमान किंचित कलंडलं आणि तसंच वर जात राहिलं, फार हळू.

माझा हात छातीच्या खिशाकडे गेला. तो खिसा आदल्या संध्याकाळपासून रिकामा होता, हे मला माहीत होतं. तरी हात गेला. काकांनी ते पाहिलं. मला वाटतं, त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं.

एका इंजिनावर वळसा घालून विमान परत येईपर्यंतची ती दहा-बारा मिनिटं अजून माझ्या अंगात आहेत. पाऊस भुरभुरत होता. विमान ढगात गेलं. मी देवाचं नाव घेत नव्हतो. मी फक्त म्हणत होतो, डबी नसू दे, दुसरं काहीही असू दे, पक्षी असू दे. आत माणसं आहेत याआधी माझ्या मनात माझी डबी आली, हे मी आज लिहून ठेवतो आहे.

विमान ढगातून खाली आलं, वाकडं, आणि उतरलं. अग्निशमनाच्या गाड्या त्याच्यामागे धावल्या. जिने लावले. माणसं उतरू लागली. एक बाई हातात एकच सँडल घेऊन चालत होती. एक माणूस मुलाला इतकं घट्ट धरून होता की मूल रडत होतं. काकांचे ओठ हलत होते. ते उतरणारी माणसं मोजत होते. शेवटचा माणूस उतरल्यावर त्यांनी गार झालेला चहा गवतावर ओतला आणि आत गेले.

संध्याकाळी टीव्हीवर ते विमान दिसलं. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची, इथल्याच शाळेत जाणारी. तिने विचारलं, "बाबा, तुझा विमान पडला?"

"नाही. परत आलं."

"मग तू का नाही जेवतो?"

दोन दिवसांनी दक्षिणेतून, इंग्लंडहून, अपघाताची चौकशी करणारे अधिकारी आले. त्यांच्यातली मुख्य एक बाई होती, पिकलेल्या केसांची, हाताने विणलेलं कार्डिगन घातलेली. ती प्रत्येकाला चहा घेणार का विचारायची. तिच्या त्या सौम्यपणाचीच मला भीती वाटायची. एखादा ओरडणारा अधिकारी असता तर त्याच्यावर उलटून ओरडता आलं असतं. त्या दिवसांत मी रात्रंदिवस एकच हिशेब करत होतो. माझं लायसन गेलं तर नोकरी गेली, नोकरी गेली तर वर्क परमिट गेलं, मग मुलीची शाळा, घर, आणि बायकोला सांगायचं की शपथ खोटी होती.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी तिने सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं आणि टेबलावर प्लास्टिकची एक पिशवी ठेवली. आत पत्र्याचा चुरगळलेला तुकडा. त्याला इवलीशी बिजागरी. दुमडलेल्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं घट्ट बसलेलं.

"हा विमानाचा भाग नाही," ती म्हणाली. "इंजिनाचाही नाही. आम्ही दोषी शोधायला आलेलो नाही. हे पुन्हा घडू नये, एवढंच आमचं काम आहे. कुणाला ओळखता येतंय?"

"बायकोच्या लिपस्टिकचं टोपण," कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

काकांनी पिशवी उचलून उजेडात धरली. "चुन्याची डबी," ते मराठीत म्हणाले. मग इंग्रजीत समजावून सांगितलं, की आमच्याकडे तंबाखूबरोबर चुना खातात, तो यात ठेवतात, माझ्या वडिलांकडे होती.

सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. आमच्यात लाहोरचा एक मेकॅनिक होता. तो जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून उघडपणे पान खायचा, त्याचे दात लाल असायचे. त्यानेही उड्डाणाच्या आदल्या दिवशी त्याच इंजिनावर काम केलं होतं. त्याचा चेहरा उतरला. "माझी नाही," तो म्हणाला. "खुदा की कसम, माझी नाही."

आणि मी गप्प बसलो. तो माझ्यासमोर शपथ घेत होता आणि मला हायसं वाटत होतं.

"त्याची नाही," काका म्हणाले. "त्याचे खिसे मी स्वतः तपासले होते. एक सोडून सगळ्यांचे तपासले होते."

बाईने कागद पुढे ओढला. "इथे सगळ्यांच्या नावापुढे खूण आहे."

"आहे. माझ्या हातची आहे. त्यातली एक खोटी आहे."

"कुणाची?" आमचा मॅनेजर ताडकन उभा राहिला.

"ते त्याने सांगायचं आहे. मी माझं सांगितलं."

माझ्याकडे कुणी पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी जमिनीकडे पाहत होतो. बाई एवढंच म्हणाली, "मी शुक्रवार दुपारपर्यंत इथे आहे." मॅनेजरने तिथल्या तिथे काकांकडून त्यांचा सहीचा शिक्का मागून घेतला. तीस वर्षं वापरलेला शिक्का. काकांनी गळ्यातल्या दोरीतून तो सोडवून टेबलावर ठेवला. ठेवायला खिसा नाही, म्हणून ते तो गळ्यात घालायचे.

बाहेर पार्किंगमध्ये ते काकूंची वाट बघत उभे होते. मी म्हटलं, "काका, घरी सोडतो."

"घरी जाऊन काय करू? किल्ली तिच्याकडे आहे."

मी उभा राहिलो. मला वाटलं, आता शिव्या देतील. ते म्हणाले, "मुंबईत असताना माझी एक पेन्सिल कॉकपिटमध्ये पडली होती. पायाच्या पेडलखाली. तीन उड्डाणांनंतर दुसऱ्या कुणालातरी सापडली. काही झालं नाही. साहेबांनी विचारलं, कुणाची? मी बोललो नाही. आजही बायकोशिवाय कुणाला ठाऊक नाही." त्यांनी ओव्हरऑलवरच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "तेव्हापासून शिवतोय. तुला सांगतो, याने काही होत नाही."

मग काकूंची गाडी आली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. लाहोरच्या त्या माणसाशेजारी कँटीनमध्ये कुणी बसेना. शुक्रवारी सकाळी मी बायकोला सांगितलं. ती कपडे इस्त्री करत होती. तिने इस्त्री बंद केली, वायर गुंडाळली आणि म्हणाली, "आधी तिकडे सांगून ये. माझं नंतर." बारा वाजता मी त्या बाईसमोर बसलो. तिने चहा विचारला. मी सगळं सांगितलं, हात झटकल्याचंसुद्धा. तिने मध्ये एकदाही मला थांबवलं नाही. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला, "ही गोष्ट बुधवारी सांगायला काय अडचण होती?" याचं उत्तर तिच्या अहवालात लागणार नव्हतं.

माझं लायसन काही महिने गेलं, पुन्हा परीक्षा देऊन मिळालं. परमिटवर आच आली नाही. ज्या ज्या गोष्टींना मी भीत होतो, त्यांतली एकही मी घाबरलो होतो तशी घडली नाही. लाहोरच्या त्या माणसाची मी माफी मागितली. त्याने हात मिळवला, पण पुन्हा माझ्याशी बोलला नाही. काकांना मात्र कंपनीने परत घेतलं नाही. खोट्या खुणेपेक्षा, बुधवारी नाव सांगायला नकार दिला, हे त्यांच्या खात्यावर लागलं. मी त्याच वेळी तोंड उघडलं असतं तर नकार द्यायची वेळच आली नसती. वर्षभराने नव्या मॅनेजरने त्यांना बोलावलं होतं. ते गेले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ज्या हाताने न बघता खूण केली, तो हात मी ओळखतो. आता पुरे."

मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचो. ते मला खिशांबद्दल काही बोलले नाहीत. निघताना नेहमी म्हणायचे, "मोजलं का सगळं?" मी चष्मा, फोन, किल्ल्या दाखवायचो.

चार वर्षांनी ते गेले. झोपेतच. अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवशी सकाळी काकूंनी मला बोलावलं. त्यांच्याबरोबर अंत्यविधीवाल्यांकडे जायचं होतं. तिकडे एका शांत खोलीत काका निजलेले, लग्नाकार्याचा करडा सूट घातलेला, केस तेल लावून चापून बसवलेले. काकूंनीच लावलं असणार. तिथला माणूस एक फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. दहनभट्टीसाठी अंगावर धातू नको, असा नियम. अंगठी काढली का, घड्याळ काढलं का, असे प्रश्न, पुढे चौकोन. शेवटचा प्रश्न, खिसे तपासले का.

"त्यांना खिसे नाहीत," मी म्हणालो. "सगळे शिवलेले आहेत."

तो म्हणाला, "मग खूण करून सही करा."

मी पेन घेतलं. मग ते खाली ठेवलं आणि काकांजवळ गेलो. उजवा खिसा शिवलेला. मागचे शिवलेले. छातीवरच्या डाव्या खिशाचे टाके कापलेले होते. कात्रीने, एकेक, नीट. मी आत हात घातला, तळापर्यंत. रुमाल होता, घडी केलेला. रुमालाच्या घडीत घराची किल्ली.

मी वळून पाहिलं. काकू दाराशी उभ्या होत्या.

"तू बघणार नाहीस असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता तरी त्यांना स्वतःचं स्वतः घरात येता येईल."

"किल्ली नाही चालत, काकू."

"ठाऊक आहे. मी डॉक्टर आहे."

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. रुमाल परत खिशात ठेवला. मग एकेक खिसा, शिवलेलासुद्धा, बाहेरून हाताने पुन्हा चाचपला. काकूंनी त्यांच्या पर्समधून सुई-दोरा काढून दिला. मी तो खिसा शिवला. माझे टाके त्यांच्याइतके सरळ आले नाहीत. त्यानंतर मी त्या चौकोनात खूण केली.